जुन्या गोव्याचा धक्का आणि नाताळचा बाजार

आपल्या बेळगाव, खानापूर व चंदगड भागातील ख्रिस्ती कुटुंबांत असे घर विरळा, की ज्यातील कोणी ना कोणी जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणास जाऊन आलेले नाही. कोणी नवस फेडावयास जातो, कोणी नव्या सुनेस घेऊन जातो, कोणी वडिलांचा रिवाज मोडू नये म्हणून जातो. संताच्या पेटीपुढे गुडघे टेकावयाचे, मिस्सा ऐकावयाची, फेरीतून चणे, खाजे आणि मेणबत्त्या घ्यावयाच्या व संध्याकाळच्या गाडीने परत फिरावयाचे, एवढ्यात यात्रा पुरी होते. ज्या बंदरामुळे ही सारी देवळे उभी राहिली, ज्या नदीने संत झेवियर जिवंतपणी येथे आले आणि मरणानंतर त्यांचा देहही जिच्यावरूनच परत आला, त्या नदीचा जुना धक्का बॉम जीझस देवळापासून सात-आठ मिनिटांच्या चालीवर आहे. तिकडे मात्र आपली मंडळी सहसा वळत नाहीत.

म्हणून २०२५ च्या डिसेंबरात उचगावहून आम्ही लहानमोठे नऊजण निघालो, तेव्हा दोन गोष्टी घरीच ठरविल्या होत्या. सण साजरा करून मांडवीचा धक्का नीट पाहावयाचा, आणि नाताळची खरेदी बेळगावात न करता यंदा गोव्यातच करावयाची. आदल्या वर्षी, म्हणजे २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत, संताच्या अवशेषांचे दर्शन होते. दहा वर्षांतून एकदा येणारा तो योग असल्यामुळे भाविकांची अशी रीघ लागली होती, की मुलांस घेऊन नदीकाठी हिंडण्याची सोयच नव्हती. यंदा नेहमीचा सण होता आणि गर्दीही नेहमीचीच होती.

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करून चोर्ला घाटाने उतरणारा रस्ता आम्ही धरला. कणकुंबीस मलप्रभेचा उगम आहे. ती तेथून पूर्वेकडे वळते व पुढे कृष्णेस मिळते. जवळच, आपल्या खानापूर तालुक्यातील भीमगडच्या रानात, म्हादई उगम पावते. ती पश्चिमेस उतरते आणि गोव्यात गेल्यावर तिलाच मांडवी म्हणतात. म्हणजे जुन्या गोव्याचे बंदर ज्या पाण्यावर वसले, ते पाणी आपल्याच डोंगरांतून खाली गेलेले आहे. या पाण्याच्या वाटणीवरून कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र यांच्यात चाललेला तंटा लवादाने २०१८ साली निवाडा देऊनही मिटलेला नाही. आणि गाडीत तो विषय निघताच आमच्यातील दोघा वडीलधाऱ्यांचे असे जुंपले, की कणकुंबीस सुरू केलेली जपमाळ केरी आले तरी दुसऱ्याच दशकात अडकून होती.

पाण्याप्रमाणे धर्माचाही मार्ग याच घाटाने गेलेला आहे. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ साली स्वतंत्र झाला. त्यापूर्वी या मुलखातील पुष्कळसे ख्रिस्ती लोक गोव्याच्या आर्चबिशपांच्या छत्राखाली होते. घाटात जागोजाग पायी जाणारे जथे दिसत होते. पुढे एकाच्या खांद्यावर क्रूस, मागे डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका, आणि शेवटी कोणाचा तरी लंगडत चालणारा मुलगा. आम्ही गाडीत बसलो होतो याची थोडी लाज वाटली, पण ती सांखळीपर्यंतच टिकली.

सणाच्या मिस्सेविषयी फार लिहीत नाही, कारण ती आपणांपैकी पुष्कळांनी पाहिलेली आहे. २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना चालते आणि ३ डिसेंबरला, संताच्या मृत्यूच्या दिवशी, सण होतो. पहाटेपासून कोंकणीत मिस्सा सुरू असतात. आमच्यातील म्हाताऱ्यांस कोंकणी सगळी समजते, मुलांस अर्धीमुर्धी. गाणे मात्र सर्वांस समजते. १५९४ मध्ये बांधावयास घेतलेल्या व १६०५ मध्ये अभिषेक झालेल्या बॉम जीझस देवळात संताची चांदीची पेटी आहे. ती १६३६-३७ साली गोव्याच्याच सोनारांनी घडविली. ज्या संगमरवरी चौथऱ्यावर ती ठेवलेली आहे तो इटलीतील तस्कनीच्या राजाने पाठविला व १६९८ साली तो येथे बसविण्यात आला. म्हणजे फ्लॉरेन्सच्या शिल्पकाराचे काम खाली आणि आपल्याकडच्या सोनाराचे काम वर, अशी ती मांडणी आहे.

देवळाच्या बाहेरच्या भिंतींकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. लाल जांभ्याच्या त्या उघड्या भिंती पाहून लोकांस वाटते की देऊळ मुळातच तसे होते. तसे नाही. पूर्वी त्यावर चुन्याचा गिलावा होता. तो १९५० नंतरच्या दशकात काढून टाकण्यात आला. जांभा हा दगड पावसात झिजतो हे आपल्याकडील कोणताही गवंडी सांगेल. आता गिलावा पुन्हा करावा की नाही, यावर जाणत्यांत वाद चाललेला आहे, आणि प्रत्येक पावसाळ्यात दगड थोडा थोडा झरतो आहे.

फेरी मात्र डोळे भरून पाहावी अशी असते. तिच्यात नाताळचा बाजार आधीच शिरलेला असतो. आगमनकाळ नुकताच सुरू झालेला असतो, घरोघरी ताऱ्याची तयारी व्हावयाची असते, आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसाला दुसरी फेरी परवडत नाही. म्हणून संताचा सण आणि नाताळची खरेदी एकाच फेरीत उरकते. एका रांगेत मेणाचे हात, पाय, डोके, डोळे, तान्ही मुले, अगदी लहानशी घरेसुद्धा विकावयास ठेवलेली. ज्याचा पाय दुखतो त्याने मेणाचा पाय वाहावा, ज्यास घर हवे त्याने घर वाहावे. शेजारी वाळूत चणे भाजण्याचा खडखडाट. त्यापुढे खाजेवाले. बेसनाच्या जाड शेवेला आल्याचा व गुळाचा पाक दिलेला हा पदार्थ आपल्याकडे होत नाही. तो दाताला चिकटतो म्हणून म्हातारी माणसे कुरकुरतात आणि पुन्हा मागून घेतात. मग कापड, घोंगड्या, मुलांचे स्वेटर, लाकडी पाट, लाटणी, खुर्च्या, कोयते आणि गोव्याकडची नारळ खवण्याची आदोळी, मातीची मडकी. मधूनच बांबूच्या काड्यांचे आणि रंगीत कागदाचे तारे उंच काठीवर टांगलेले.

आमच्या मावशींना घरची बादली बदलावयाची होती. त्या आपल्या बेळगावी मराठीत म्हणाल्या, “बादली केवढ्याला देतासा?” दुकानदारीण कोंकणीत म्हणाली, “तीनशें रुपया, माये.” दोघींनी आपापली भाषा न सोडता पाच मिनिटे घासाघीस केली आणि दोनशे साठावर सौदा झाला. आम्ही बाजूस उभे राहून ऐकत होतो. भांडण दोन भाषांत चालले होते, पण ज्या वस्तूवरून चालले होते तिचे नाव दोघींचे एकच होते, आणि ते पोर्तुगीज लोकांनी आणलेले. बादली, घमेले, चावी, पाव, बटाटा, काजू, पगार, इस्पितळ हे सारे शब्द आपण आजोबा-पणजोबांचे समजून वापरतो; ते जहाजातून आलेले आहेत. आपल्या निपाणीचे नाव ज्या पिकाने गाजले तो तंबाखूही समुद्रापलीकडूनच आला. विजापूरच्या दरबारात तो सतराव्या शतकाच्या आरंभी पोहोचला होता. आणि ज्या सणासाठी आम्ही तारे पाहत होतो, त्याचे ‘नाताळ’ हे नावही याच भाषेतले, आणि तेही जहाजानेच आलेले.

तेव्हा तो धक्का पाहावयास आम्ही दुपारचे जेवण होताच निघालो. से कॅथेड्रलला वळसा घालून रस्ता नदीकडे उतरतो. से कॅथेड्रलचे काम १५६२ मध्ये सुरू झाले. त्याच्या दोन बुरुजांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला. उरलेल्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणून प्रसिद्ध असलेली मोठी घंटा आहे. पुढे संत कायतानचे देऊळ उजवीकडे टाकले, की समोर जांभ्याची एक उंच कमान येते आणि तिच्यातून एकदम पाणी दिसते. हीच व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा १५९७ ते १६०० या काळात येथे व्हाइसरॉय होता, त्याने पणजोबाच्या स्मरणार्थ ती बांधली. मूळ कमान ढासळल्यामुळे १९५४ साली ती पुन्हा उभारण्यात आली. नवा व्हाइसरॉय लिस्बनहून आला, की येथे उतरावयाचा आणि या कमानीत त्याच्या हाती शहराची चावी द्यावयाची, अशी रीत होती. नदीच्या बाजूस वास्को द गामाचा पुतळा आहे. शहराच्या बाजूस एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्या हातात तलवार आणि पायाखाली पडलेला एक माणूस. ही संत कॅथरिन असे सांगतात, कारण २५ नोव्हेंबर १५१० रोजी, तिच्या सणाच्या दिवशी, अफोन्सो द अल्बुकर्कने विजापूरच्या आदिलशहाकडून हे शहर जिंकले. संताच्या पायाखाली माणूस दाखविण्याची ही पद्धत आम्हांस तरी रुचली नाही.

गोव्याचे बंदर पोर्तुगीजांनी निर्माण केले असा पुष्कळांचा समज आहे. ते त्याआधीही भरभराटीचे होते. अरबस्तान आणि होर्मुझकडून घोडे येथे उतरत आणि घाट चढून विजयनगर व विजापूरच्या फौजांत जात. बहमनी वजीर महमूद गवान याने १४७२ च्या सुमारास गोवा घेतला आणि लगोलग बेळगावचा किल्लाही घेतला. खालचे बंदर आणि वरचा किल्ला, दोन्ही एकाच्याच हाती असावीत, हा त्यातील हिशेब समजण्यास फार बुद्धी लागत नाही.

पुढे लिस्बनशी वाहतूक सुरू झाली. तिकडून मार्च-एप्रिलात निघालेली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून, वारे अनुकूल असल्यास, सप्टेंबर-ऑक्टोबरात येथे पोहोचत, आणि मिरी, दालचिनी, कापड भरून डिसेंबर-जानेवारीच्या वाऱ्याने परत निघत. म्हणजे नाताळचे दिवस हा या धक्क्याचा भर हंगाम. मध्यरात्रीची मिस्सा ऐकून खलाशी पहाटे पुन्हा पोती वाहावयास जात असतील. मिस्सा चालू असताना त्यांचे अर्धे लक्ष भरतीच्या वेळेकडे नसेल असे मानणे कठीण आहे.

या धक्क्यावर उतरलेल्या दोघांची आठवण आपण मराठी ख्रिस्ती जनांनी विशेष ठेवावी. संत झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले. वाटेत मोझांबिकला मुक्काम पडल्यामुळे ते ६ मे १५४२ रोजी, तेरा महिन्यांनी, गोव्यास पोहोचले. राहण्यासाठी त्यांनी वाडा निवडला नाही. धक्क्याजवळच्या सरकारी इस्पितळात ते उतरले आणि तेथील अत्यवस्थ रोग्यांच्या उशाशी झोपत. लांबच्या प्रवासात हिरड्या सुजून मरणास टेकलेले खलाशी त्या इस्पितळात भरलेले असत. दिवसा ते हातात लहान घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत आणि मुलांस धर्मशिक्षणास बोलावत. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळ सांचियान बेटावर त्यांना मरण आले, आणि १५५४ च्या मार्चमध्ये त्यांचा देह गोव्यात आला.

दुसरे फादर थॉमस स्टीफन्स. हे इंग्रज येशूसंघीय. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून ते त्याच वर्षीच्या २४ ऑक्टोबरला येथे पोहोचले. साष्टीत त्यांनी जन्म काढला, आपली भाषा आत्मसात केली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत रचले. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्या आवृत्तीची एकही प्रत आज शिल्लक नाही. आपणांस ते वाचावयास मिळते ते १९०७ साली मंगळूरला रोमन लिपीत निघालेल्या आवृत्तीमुळे व तिच्यानंतरच्या आवृत्त्यांमुळे. बेथलेहेमच्या गोठ्याची कथा मराठी ओवीत प्रथम विस्ताराने सांगितली ती या परदेशी माणसाने, आणि तो या पायऱ्यांनी वर चढला होता. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले, तरी खेड्यापाड्यांतून ते पुराण म्हटले जातच राहिले.

आता एक गोष्ट लिहावयाची आहे, ती लिहावी की नाही असे प्रथम वाटले. पण कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या पत्रात ती आली नाही तर कोठे येणार?

कमानीतून शहरात शिरणारा सरळ रस्ता हा त्या काळी गोव्याचा मुख्य बाजार होता. यान ह्युगेन फान लिन्स्खोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी चिटणीस होता. त्याने १५९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात या रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या बाजाराचे वर्णन आणि चित्र दिलेले आहे. रविवार व सणवार सोडून दररोज येथे पुकारा होई. घोडे, गालिचे, दागिने, मसाले आणि माणसे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, बंगालमधून, आणखी कोठून कोठून आणलेली स्त्रीपुरुष माणसे येथे उभी करून त्यांची बोली लावली जात असे. या बाजाराला पोर्तुगीज लोक जो शब्द वापरीत, त्याचाच मराठीत ‘लिलाव’ झाला. नाताळ आणि लिलाव हे दोन्ही शब्द याच धक्क्यावर उतरले. गिऱ्हाइके पुष्कळशी ख्रिस्तीच होती. मिस्सेस जाणारी होती. मठांत आणि विद्यालयांतही गुलाम ठेवले जात.

यांतील कित्येकजण संधी मिळताच घाट चढून आपल्या रानात पळाले. हल्याळ, येल्लापूर व आपल्याच खानापूर तालुक्यात राहणारे सिद्दी बांधव आपणांस परके नाहीत. त्यांच्यातील पुष्कळांचे पूर्वज असे आलेले आहेत. हल्याळकडील सिद्दींपैकी बरेचजण कॅथलिक आहेत. तो भाग १९७६ साली कारवारचा धर्मप्रांत वेगळा होईपर्यंत आपल्याच धर्मप्रांतात होता.

त्या दिवशी कमानीजवळच्या सावलीत असेच एक कुटुंब शिदोरी सोडून बसले होते. आजी, तिची सून, एक तरुण नातू आणि दोन मुली. आजींनी कोंकणीत विचारले, “खंयचे तुमी?” उचगावचे म्हणताच त्यांनी सरकून जागा दिली व डब्यातील भाकरी पुढे केली. आमच्यातील एका मुलाने कमानीवरील वास्को द गामाविषयी शाळेत शिकलेले मोठ्याने सांगावयास सुरुवात केली. तो तरुण शांतपणे ऐकत होता. मुलाचे संपल्यावर तो मराठीत म्हणाला, “आमची माणसंपण इकडूनच आली म्हणतात. पण ती चावी घेऊन नाही आली.” आजींनी त्यास हाताने गप्प केले. त्यांना ते ठाऊक नव्हते असे नव्हे. सणाच्या दिवशी तो विषय नको, एवढेच. त्या म्हणाल्या, सायबाच्या सणाला त्यांनी आजवर एकही वर्ष चुकविलेले नाही. सायब म्हणजे संत झेवियर, गोंयचो सायब. भाकरी खाऊन झाल्यावर आम्हीही खाजे काढले आणि मुलींस दिले.

गुलामांच्या व्यापाराचा निषेध पोप सोळावे ग्रेगरी यांनी १८३९ साली केला. पोप दुसरे जॉन पॉल १९८६ च्या फेब्रुवारीत गोव्यास येऊन गेले होते. तेच १९९२ साली आफ्रिकेतील सेनेगल देशाच्या गोरे बेटावर गेले. तेही असेच एक बंदर. तेथूनही गुलामांस जहाजांत चढवीत. तेथे उभे राहून त्यांनी ख्रिस्ती लोकांनी केलेल्या या पापाबद्दल क्षमा मागितली. व्हाइसरॉयच्या कमानीवर व्हाइसरॉयांची आठवण आहे. त्या समोरच्या रस्त्यावर विकल्या गेलेल्या माणसांच्या आठवणीचा एखादा साधा दगड तेथे असावा असे आम्हांस वाटते. त्यास फार खर्च येणार नाही.

मग हे शहर गेले कोठे, असे मुलांनी विचारले. ज्याने गोवा पाहिला त्यास लिस्बन पाहावयास नको, अशी म्हण पडलेले शहर, आणि आज देवळांमधून नारळाची झाडे! ते एका दिवसात गेले नाही. विहिरींचे पाणी दूषित झाले, पटकी व हिवताप यांनी वर्षानुवर्षे माणसे मेली. नदी गाळाने भरत चालली. लिन्स्खोटेनच्याच पुस्तकाने वाट दाखविलेले डच दर्यावर सरस झाले. १६२२ मध्ये होर्मुझ गेले, १६४१ मध्ये मलाक्का गेले. आपल्या उचगाव फाट्यावरून जो रस्ता जातो त्याच्या टोकाला, वेंगुर्ल्यास, डचांनी वखार घातली आणि तेथून गोव्यावर नजर ठेवली. व्हाइसरॉयचे बिऱ्हाड १७५९ साली पणजीस गेले. १८३५ मध्ये मठ बंद करण्यात आले, १८४३ मध्ये राजधानीचा मानही पणजीस मिळाला, आणि ओस घरांचे दगड पणजीची घरे बांधावयास वाहून नेले गेले. संत ऑगस्टिनच्या मठाचा उभा चिरलेला बुरूज तेवढा टेकडीवर राहिला आहे. लिलावाचा तो रस्ता आज रिकामा आहे. त्याच्या टोकाला दिवाडी बेटाची फेरीबोट लागते. पायी जाणाऱ्यास तिला पैसे पडत नाहीत, म्हणून मुलांनी दोन वेळा पलीकडे जाऊन येण्याची हौस भागवून घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पणजीस गेलो. रायबंदरहून पणजीस जाणारा तीन किलोमीटरांचा बांध १६३३-३४ साली घातलेला आहे आणि आजही त्यावरून वाहतूक चालते. बाजूस मिठागरे, पाणथळ, बगळे. पणजीचा धक्का हा आता गोव्याचा दर्शनी धक्का. आदिलशहाचा जुना वाडा त्याच्यासमोरच आहे. नदीत पांढरी, दिव्यांनी मढविलेली मोठी जहाजे नांगरलेली होती. एका मुलाने विचारले, यांतून कोणता माल येतो? ही जुगाराची जहाजे आहेत, ती कोठे जात नाहीत आणि काही आणत नाहीत, असे त्यास सांगावे लागले. म्हादईचे पाणी कोणाला किती, यावर घाटात भांडणारे आमचे दोघे वडीलधारे येथे मात्र प्रथमच एकमत झाले.

पणजीच्या बाजारात आमचा अर्धा दिवस गेला. तारे दोन प्रकारचे: वीजेचा दिवा आत घातलेले चकचकीत प्लास्टिकचे, आणि बांबूच्या काड्यांवर पातळ कागद ताणून चिकटविलेले. मुलांचा ओढा पहिल्याकडे, आमचा दुसऱ्याकडे. अखेर कागदाचा घेतला, कारण त्याची काडी मोडली तर ती घरी बदलता येते. गोठ्यासाठी मातीच्या मूर्तींचे पूर्ण संच मांडलेले होते, पण त्यांची किंमत ऐकून आम्ही हात आवरता घेतला. आमच्या घरच्या गोठ्यात बाळ येशू, मरिया आणि योसेफ आहेत. गाढव मात्र चार वर्षांपूर्वी फुटले होते आणि त्याच्या जागी बैल उभा करून वेळ भागविली जात होती. तेव्हा एक गाढव आणि दोन मेंढरे एवढेच सुटे घेतले. गवत, पिंजर आपल्या घरी पाहिजे तेवढे आहे. गोव्यातील बायका नाताळापूर्वी दहा-बारा दिवस डब्यात नाचणी पेरतात आणि तिची हिरवी रोपे गोठ्याभोवती शेतासारखी मांडतात. ही रीत आपल्याकडेही सहज करता येण्यासारखी आहे, नाचणी तर आपलीच.

गोडधोडाच्या दुकानांत दोदोल, बेबिंका, डोस, नेवऱ्या, कुलकुल. दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ घालून तासन्‌तास ढवळावे लागते. बेबिंका एकावर एक थर भाजत करावयाची, एक थर झाल्याखेरीज दुसरा ओतावयाचा नाही. घाई करणाऱ्या सुनेची परीक्षा तेथे होते, असे दुकानदारीण हसत म्हणाली. हे पदार्थ ताटात मांडून शेजाऱ्यांकडे, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, पाठविण्याची चाल गोव्यात अजून आहे. आम्ही एक बेबिंका घेऊन तिचे नऊ तुकडे केले आणि दोदोल मात्र शेजारच्या घरांसाठी बांधून घेतले.

परतीच्या गाडीस वेळ होता म्हणून निष्कलंक मातेच्या देवळाच्या नागमोडी पायऱ्या चढून गेलो. जहाजातून सुखरूप उतरलेले खलाशी जुन्या गोव्यास जाण्यापूर्वी येथे येऊन मातेचे आभार मानीत. येथील मोठी घंटा मूळची संत ऑगस्टिनच्या त्या पडक्या बुरुजातील. ती १८७१ साली या देवळावर चढविली गेली. ८ डिसेंबर हा येथला सण. खाली चौकात फेरीसाठी बांबू रोवण्याचे काम चालू होते, आणि खाजेवाल्यांपैकी एकजण, ज्याच्याकडून आदल्या दिवशी आम्ही जुन्या गोव्यात खाजे घेतले होते, तो आपली जागा खडूने आखीत होता. आम्हांस ओळखून त्याने विचारले, “संपलें?” संपले होते. आम्ही आणखी अर्धा किलो बांधून घेतले आणि बसस्थानकाकडे निघालो.